चिऊताईचं दार आणि निवेदकाचं तोंड : वाचकांचे प्रश्न

गोष्ट पडद्यावर आणताना कुठं अडतं ते कळवा, असं आम्ही गेल्या अंकात म्हटलं होतं. बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची निघाली. चित्र आहे, आवाज आहे, पण दोघं मिळून एकच गोष्ट दोनदा सांगतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : चौथीची मुलं कागदी चित्रं हलवून चिमणी-कावळ्याच्या गोष्टीची फिल्म करत आहेत. निवेदन मी लिहिलं, ते साडेचार मिनिटांचं झालं. ऐकायला छान वाटतं, पण चित्राबरोबर लावलं की कंटाळा येतो. आवाज आणखी भावपूर्ण करू का?
— एक प्राथमिक शिक्षिका, संगमेश्वर तालुका

आवाजात भाव ओतून हे सुटणार नाही. निवेदन कापावं लागेल, आणि चांगलंच कापावं लागेल. सावकाश गोष्ट सांगताना मराठीत मिनिटाला साधारण ११० शब्द जातात. म्हणजे तुमचे पाचशेच्या आसपास शब्द झाले. चार मिनिटांच्या फिल्मला दीडशे पुरतात.

एक कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय दिसतं’, उजवीकडे ‘काय ऐकू येतं’. आता समोरासमोरच्या ओळी ताडून पाहा. उजवीकडे ‘धो धो पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं’ असं असेल, आणि डावीकडे मुलांनी नेमकं तेच दाखवलं असेल, तर उजवीकडची ओळ खोडा. ‘कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं’ मात्र ठेवा. कागदाचं घर शेणाचं की मेणाचं हे डोळ्यांना कळत नाही, आणि त्या यमकाशिवाय ही गोष्ट सुरूच होत नाही. जे दिसतंय ते बोलायचं नाही. जे दिसू शकत नाही, किंवा ज्याची मजाच शब्दात आहे, ते बोलायचं. खोडाखोडी एवढ्याच हिशोबानं करा.

आता खरी अवघड जागा, म्हणजे दार. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ पुन्हा तेच, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ आजी सांगते तेव्हा प्रत्येक ‘थांब’ला वेगळा हेल असतो आणि मांडीवरचं मूल मध्येच ‘मग?’ विचारतं. पडद्याला ‘मग?’ विचारणारं कोणी नाही. त्यामुळं दर खेपेला चित्रात काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या ‘थांब’ला मुलं चुळबुळ करायला लागतात.

पहिल्या खेपेला झाड, घर, दारातला कावळा, सगळं दिसेल असा लांबचा शॉट ठेवा, सहा सेकंद. चिमणीचा आवाज आतून. दुसऱ्या खेपेला फक्त कावळा आणि दार, चार सेकंद, पंख अंगाला चिकटलेले. तिसऱ्या खेपेला कावळ्याचा डोळा आणि चोचीवरून गळणारा एक थेंब, तीन सेकंद. इथं चिमणीचं वाक्य पुरतं ऐकवायचीही गरज नाही. ‘थांब...’ एवढं आलं की बाकीचं बघणारी पोरंच म्हणतील.

या तिन्ही खेपांत कॅमेरा घरात नेऊ नका. आत काय चाललंय ते कावळ्याला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही, आणि म्हणूनच आपण त्याच्याबरोबर भिजतो. आत नेलात आणि चिमणी खरोखर बाळाची अंघोळ आवरताना दिसली, तर गोष्ट चिमणीची झाली. ती उगाच वेळ काढताना दिसली, तर तिसरीच गोष्ट झाली. तिन्ही चालतील, पण मुलांना विचारून एक आधी ठरवा. या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा सांगतात तो याच कारणानं: सांगणारा कोणाच्या बाजूचा आहे त्यावर कावळ्याचं नशीब ठरतं.

कागदी चित्रांच्या तांत्रिक बाजूचंही थोडं. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची (म्हणजे २४ स्थिर चित्रांची) असली तरी प्रत्येक फोटो दोनदा वापरला की सेकंदाला १२ फोटोंत काम भागतं. चार मिनिटांना २,८८० फोटो. वीस मुलांत वाटले तर प्रत्येकी १४४, म्हणजे घाबरण्यासारखं नाही. कावळा अर्ध्या सेकंदात १२ सेंटीमीटर उडी मारणार असेल तर सहा फोटोंत ते अंतर वाटा, पण सारखं दोन-दोन सेंटीमीटर नको. सुरुवातीला आणि शेवटी एक-एक, मधे अडीच-अडीच. सारख्या अंतरानं सरकलेला पक्षी उडत नाही, घसरतो.

फोन टेबलाच्या वर, भिंग खाली तोंड करून, घट्ट बांधा. फोकस आणि उजेड दोन्ही ‘लॉक’ करा. हे विसरलात तर प्रत्येक फोटोत फोन स्वतःच्या मनानं उजेड कमी-जास्त करतो आणि फिल्म लुकलुकते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. ढग सरकला तरी फोटोत दिसतो. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही: टेबलाशी वाकणाऱ्या मुलांचे पांढरे शर्ट उजेड परतवतात. फोटो घेताना सगळ्यांनी एक पाऊल मागं.

शेवटी फिल्म एकदा आवाज बंद करून शेजारच्या वर्गाला दाखवा. गोष्ट साधारण कळली पाहिजे. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवा. तोही पूर्ण कळला, तर अजून कापायला जागा आहे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या कार्यशाळेत सांगितलं की निवेदन वापरणं म्हणजे दिग्दर्शकाला चित्रातून सांगता येत नाही याची कबुली. हे खरं आहे का?
— माध्यम अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

निम्मं खरं आहे. संकलनाच्या टेबलावर गोष्ट कळेना म्हणून मागाहून चिकटवलेलं निवेदन ठिगळासारखं दिसतं. पटकथेपासून विणलेलं निवेदन ही वेगळी वस्तू.

सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) घ्या. अवधच्या नवाबांचे आणि कंपनी सरकारचे संबंध हा रूक्ष इतिहास सुरुवातीलाच सांगून टाकायचा होता. निवेदन अमिताभ बच्चन यांच्या आवाजात आहे, शांत आणि किंचित मिश्कील. चित्रात मात्र त्याच वेळी कार्टून येतं. अवध ही एक दिवस तोंडात पडणारी चेरी आहे असं गव्हर्नर जनरल डलहौसीनं लिहिलं होतं, आणि पडद्यावर संस्थानं चेरीसारखी गट्ट होत जातात. आवाज इतिहासाच्या पुस्तकासारखा बोलतो, चित्र टवाळी करतं. दोन्ही एकत्र ऐकताना-पाहताना जो अर्थ निघतो तो नुसत्या आवाजात नाही, नुसत्या चित्रातही नाही. निवेदनानं आपली जागा कमवायची ती अशी.

म्हणजे आवाजाला अशी कामं द्या जी कॅमेऱ्याला जमत नाहीत: दहा वर्षं एका वाक्यात ओलांडणं, पात्राच्या मनातलं आणि तोंडावरचं यांतलं अंतर दाखवणं, किंवा सांगणारा खोटं बोलतोय हे प्रेक्षकाला कळू देणं. शेवटचं काम सर्वांत मजेचं. आवाज म्हणतो, ‘आमच्या घरात कधी भांडण झालं नाही’; चित्रात फडताळावरच्या सहा कपांपैकी दोनच कानाचे उरलेत.

एक कसोटी सांगतो. निवेदक कोण आहे, किती वर्षांचा आहे, आणि हे तो आज कोणाला सांगतोय, या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो निवेदक नाही, ती जाहिरात आहे. उत्तर असेल तर भाषाही आपोआप बदलते. नातीला सांगणारी बाई आणि कोर्टात जबानी देणारी तीच बाई एकच प्रसंग एका तऱ्हेनं सांगणार नाहीत.

प्रश्न : पारावर बसलेल्या दोन मित्रांचा संवाद शूट केला. दोघं समोरासमोर बसले होते, पण एडिट केल्यावर दोघंही एकाच दिशेला बघून तिसऱ्याशी बोलताहेत असं वाटतं. शूटिंग पुन्हा शक्य नाही.
— हौशी चित्रपट मंडळ, अंबाजोगाई

तुमची लाइन क्रॉस झाली. दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक अदृश्य रेघ असते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात राहिला तर डावीकडचा उजवीकडे बघतो, उजवीकडचा डावीकडे, आणि ते एकमेकांशी बोलतात. तुम्ही पहिल्याचे शॉट रस्त्याच्या बाजूनं घेतले आणि दुसऱ्याचे, बहुतेक उन्हामुळं, देवळाच्या बाजूनं.

आता दुरुस्ती. दोघांमध्ये एखादा तटस्थ शॉट टाका: पाराखालच्या चपला, विडी, पान खाणारी शेळी, काहीही, दोन सेकंद. डोळ्यांना दिशेचा विसर पडतो आणि पुढचा शॉट खपून जातो. पण हे एकदा चालतं, प्रत्येक कटला शेळी दाखवता येत नाही. संवाद लांब असेल तर एकाचे सगळे शॉट सॉफ्टवेअरमध्ये आडवे उलटवा. उलटवण्याआधी फ्रेम नीट तपासा. मागं दुकानाची पाटी असेल तर अक्षरं उलटी होतील. शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जाईल, मनगटावरचं घड्याळ हात बदलेल, केसांचा भांग फिरेल. खिशाकडं फारसं कोणी बघत नाही. पाटीकडं सगळे बघतात.

पुढच्या वेळी पारावर खडूनं खरोखरची रेघ मारा. आणि त्याच माणसाचा दुसरा शॉट घेताना कॅमेरा किमान ३० अंश तरी हलवा किंवा चौकटीचा आकार ठळक बदला. त्याहून कमी बदल केला तर कट झाल्यासारखं न वाटता चित्र अडखळल्यासारखं वाटतं.

प्रश्न : मूकपटांत आवाजच नव्हता, मग लोकांना गोष्ट कळायची कशी? आणि ते सगळे एवढे पळापळ का करतात?
— सेवानिवृत्त वाचक, नाशिक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवायचे, वेग सेकंदाला १६ ते १८ चौकटींच्या आसपास. बोलपटाबरोबर २४ चौकटी ठरल्या. १६ नं घेतलेलं २४ नं दाखवलं की सगळं दीडपट वेगानं होतं. माणसं पळत नव्हती, आपण त्यांना पळवतो.

याच गणितानं आणखी एक कोडं सुटतं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला. लांबी ३,७०० फूट. तो कोणी चाळीस मिनिटांचा सांगतं, कोणी तासाभराचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे १६ च्या वेगानं सेकंदाला एक फूट, एकूण ६१-६२ मिनिटं. २४ च्या वेगानं ४१. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आता कळायचं कसं. एक म्हणजे शॉटच्या मधे लिहिलेल्या पाट्या. दुसरं, आणि आमच्या मते मोठं कारण, फाळक्यांनी निवडलेली गोष्ट. हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास कोण, हे प्रेक्षागृहात शिरण्याआधीच प्रत्येकाला ठाऊक होतं. कीर्तनात ऐकलेलं, नाटकात पाहिलेलं. ‘पुढं काय’ हा प्रश्नच नव्हता. ‘ते कसं दिसतं’ हा होता. पुढच्या काळात पौराणिक कथांकडं एवढी गर्दी झाली त्यात भक्तीइतकाच हा सोयीचा भाग होता. ओळखीची गोष्ट असली की पाटी छोटी चालते आणि चमत्काराला जास्त फूट मिळतात.

जपाननं वेगळी वाट काढली. तिथं पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा राहायचा आणि सगळ्या पात्रांचे संवाद, वर्णन, टिप्पणी, एकटा करायचा. लोक नटाइतकेच बेन्शीचं नाव वाचून तिकीट काढायचे. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि हा धंदा बसला.

आजही पाटी वापरायची असेल तर ती किती वेळ ठेवायची? मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत. लिहिणाऱ्याला ती पाठ असते, म्हणून त्याला एकदा पुरतं असं वाटतं. प्रेक्षकाला पुरत नाही.

प्रश्न : आमच्या लघुपटात आईला मुलगी गेल्याची बातमी कळते. कलाकार उत्तम आहे, खरोखर रडली. पण दाखवल्यावर दोन-तीन जण हसले. कुठं चुकलं?
— नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, सोलापूर

कलाकाराचं चुकलं नसावं. रंगमंचावर शेवटच्या रांगेला पोचणारं रडणं कॅमेऱ्यानं दोन फुटांवरून टिपलं, म्हणजे प्रेक्षकाच्या वाट्याचं कामही तिनंच करून टाकलं. त्याला काही करायला उरलं नाही की तो अवघडतो, आणि अवघडलेला माणूस हसतो.

१९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केला. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या शॉटना जोडला: सूपचं ताट, शवपेटी, स्त्री. लोकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक, अभिलाषा दिसली. चेहऱ्यावरचा भाव पुष्कळदा शेजारच्या शॉटमधून येतो, हे त्यावरून घ्यायचं.

तुमच्यासारखाच प्रसंग ‘पथेर पांचाली’त (१९५५) आहे. बाप बऱ्याच काळानं घरी परततो. मुलगी गेली हे त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक दाखवत जातो आणि मुलीसाठी आणलेली साडी पुढं करतो. तिथं आई कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा चढा सूर येतो. आपण आधीपासून सगळं जाणतो, बाप जाणत नाही, आणि साडी मधे आहे. रडण्याच्या कितीतरी आधी काम झालेलं असतं.

तुमच्याकडं जे चित्रण आहे त्यातून असं करून पाहा. बातमी सांगणाऱ्याचा आवाज येताना कॅमेरा आईच्या हातांवर ठेवा (हात वेगळे शूट करणं सोपं आहे, तेवढ्यासाठी कलाकार परत येईल). चेहरा बातमीनंतर लगेच नको, तीन-चार सेकंदांनी, आणि रडणं सुरू होण्याच्या अगदी अलीकडचा तुकडा. रडं फुटतं त्या क्षणी कट करून बाहेर या: अंगण, दोरीवरचं मुलीचं परकर-पोलकं. रडण्याचा आवाज हवा तर तिथं, घराच्या आतून, दबका. पार्श्वसंगीत आधी काढून बघा. व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ पार्श्वसंगीताशिवाय, केवळ प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर उभा केला होता. एका प्रसंगापुरता तुम्हालाही करता येईल.

प्रश्न : निवेदन घरीच फोनवर रेकॉर्ड केलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि वाचल्यासारखाही वाटतो.
— लघुपट स्पर्धेतील स्पर्धक, अकोला

ही दोन वेगळी दुखणी आहेत. विहिरीचं आधी. रिकामी खोली, टाइलची फरशी, उघड्या भिंती: आवाज आपटून माइककडं परत येतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडं पाठ करून बसा. समोर दोन खुर्च्यांवर गोधडी टाका, माइक गोधडीच्या आणि तुमच्या मधे. म्हणजे तोंडातून निघालेला आवाज गोधडीत मुरतो आणि पाठीमागून परतणारा कपड्यांत. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका. सरळ समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा धक्का बसून फट्ट वाजतं. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजचं बटण बंद करताना घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत सुरू करायचं विसरणार नाही. (हसू नका, या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे.)

रेकॉर्डिंगचं ‘सॅम्पल रेट’ हे सेटिंग ४८ किलोहर्ट्झ ठेवा, आणि आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. शेवटी काही न बोलता ३० सेकंद रेकॉर्ड करा. हा त्या खोलीचा ‘रूम टोन’. वाक्यांमधल्या मोकळ्या जागा यानं भरायच्या. पूर्ण शांतता टाकली तर दर वाक्याला कान बंद-उघड झाल्यासारखे वाटतात. संगीत निवेदनाखाली १२ ते १८ डेसिबल खाली ठेवा, आणि गाणं असेल तर शब्द नसलेलाच भाग घ्या. दोन मराठी आवाज एकावर एक आले की एकही ऐकू येत नाही.

आता वाचल्यासारखं का वाटतं. तुम्ही पाठवलेल्या संहितेत पहिल्या आठ वाक्यांपैकी सहा ‘होते’, ‘होता’, ‘होती’नं संपतात. लिखाणात ते नजरेआड होतं, कानावर मात्र हातोडीसारखं आदळतं. ‘गावाच्या बाहेर एक जुना वाडा होता. त्या वाड्यात एक म्हातारी राहत होती.’ याचं ‘गावाबाहेर जुना वाडा. वाड्यात म्हातारी, एकटीच’ करून बघा. ‘केले’, ‘म्हणाले’ऐवजी ‘केलं’, ‘म्हणालं’ असं जीभ जसं बोलते तसं लिहा. वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीतच लिहा. पुणेरी आणायला गेलात की पुन्हा वाचणं सुरू. आणि रेकॉर्ड करताना समोर एक खरा माणूस बसवा, त्याला सांगा. कागद हातात नको, खुर्चीला चिमट्यानं लावा, पान उलटल्याचा आवाज येतो.

प्रश्न : फ्लॅशबॅक आहे हे कळावं म्हणून चित्र कृष्णधवल करावं का?
— पटकथा लिहिणारा वाचक, ठाणे

केलंत तर कळेल, पण त्यापलीकडं काही मिळणार नाही. आवाज आधी नेऊन बघा. वर्तमानात म्हातारा कुलपाला किल्ली लावतोय, आणि त्याच शॉटमध्ये दीड-दोन सेकंद आधी मुलांचा गलका सुरू होतो. दार उघडतं, आत भूतकाळ. परत येताना उलटं. वस्तूचा धागाही चालतो: तोच तांब्या, तेव्हा लखलखीत, आता पोचा पडलेला. पात्राच्या वयापेक्षा वस्तूचं वय प्रेक्षक लवकर ओळखतात.

त्याआधी एक ठरवा: हे जे मागचं दिसतंय ते घडलेलं आहे, की पात्राला आठवतंय तसं? कुरोसावांच्या ‘राशोमोन’मध्ये (१९५०) एकाच घटनेचे चार वृत्तान्त दिसतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, एक तर मेलेला माणूस माध्यमातून सांगतो. तिथं फ्लॅशबॅक म्हणजे साक्ष आहे, आणि साक्षीदार खोटा असू शकतो. तुमच्या पटकथेतल्या फ्लॅशबॅकमध्ये निवेदकानं स्वतः न पाहिलेला प्रसंग आहे (पान ११). तो कोणाच्या डोळ्यांनी दिसतोय?

प्रश्न : पिंगुळीच्या चित्रकथीच्या सादरीकरणाचा माहितीपट करतोय. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सगळं टिपलं, पण ते सीसीटीव्हीसारखं दिसतंय. चित्रांवर झळाळीही येते.
— दोन मित्र, सावंतवाडी

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पोथीतली चित्रं एकेक करून समोर धरतात आणि वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटं चर्मवाद्य यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली कथा गातात, सांगतात. म्हणजे शॉट, कट आणि निवेदन हे तिन्ही इथं सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहेत. तुमचं काम नवा कट शोधायचं नाही, कलावंताचा कट ओळखायचं आहे. चित्र बदलतं तो त्याचा कट. तिथंच तुमचा कट मारलात तर दोन्ही वाया जातात. चित्र बदलताना हात आणि पोथी दिसू द्या. तुमचा कट चित्र स्थिर असताना, गाण्याच्या मध्यात.

सादरीकरण एकदा सलग, न थांबवता, रुंद चौकटीत घ्या आणि त्याचाच आवाज शेवटपर्यंत वापरा. मग कलावंतांना विचारून दुसऱ्यांदा: बोलणाऱ्याचा चेहरा, हुडुकावरची बोटं, ऐकणारी मंडळी. ही दुसरी चित्रं पहिल्या आवाजावर बसवायची. चालीचा वेग दर खेपेला थोडा बदलतो, म्हणून ओठ स्पष्ट दिसणारे तुकडे लांब ठेवू नका.

चित्रं वेगळी, सपाट उजेडात टिपा. कॅमेरा चित्राला अगदी काटकोनात, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूनं सरळ पडतो म्हणून झळाळी येते. फ्लॅश कधीच नको. अंतिम फिल्म १,९२० पिक्सेल रुंद असेल आणि चित्राच्या अर्ध्या भागापर्यंत जवळ जायचं असेल, तर मूळ फोटो किमान ३,८४० पिक्सेल रुंद हवा, नाहीतर रामाचा डोळा फुटतो. चित्रावरून कॅमेरा सरकवताना एका कडेची आकृती दुसऱ्या कडेपर्यंत जायला पाच ते सात सेकंद द्या. आणि कुठून कुठं सरकायचं ते कथेवरून ठरवा. या चित्रांत पात्रं बहुतेक एका बाजूनं, मोठ्या डोळ्यांची, समोरासमोर काढलेली असतात. बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडं जा, उलटं गेलात तर उत्तर प्रश्नाआधी येतं.

घरातल्या ट्यूबलाइटखाली शूट केलेल्या भागात पट्टे सरकताना दिसतात, तेही कळवलंय तुम्ही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. फोनमध्ये २५ चौकटी आणि शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवा, पट्टे जातील. काही स्वस्त एलईडी तरीही जुमानत नाहीत. ते बंद करा आणि कलावंतांना दाराशी, उजेडाला बसवा.

प्रश्न : इथं जन्मलेल्या मुलांना मराठी निवेदन पूर्ण कळत नाही. इंग्रजी सबटायटल किती ठेवावीत?
— मराठी मंडळाच्या कार्यकर्त्या, न्यू जर्सी

एका वेळी दोन ओळी, प्रत्येकी चाळीसेक अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा. कट ओलांडून सबटायटल लोंबकळू देऊ नका. चित्र बदललं की डोळा ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. शब्दशः भाषांतर करू नका, वाचायला वेळच पुरणार नाही. आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट असेल तर ‘शेणाचं-मेणाचं’ला सबटायटल देऊच नका. त्याआधीच्या शॉटमध्ये शेण आणि मेण दोन्ही हातात घेतलेलं दाखवा, मग मुलं ते मराठीतच म्हणतील.